नागपुरात एएची मीटिंग कशी शोधायची? पत्ता, वेळ, भाषा आणि त्याआधीचं डॉक्टरकडचं काम

हिंगणा_टी_पॉइंट
घरातल्या एकांसाठी माहिती पाहिजे. वय ४६, रोजचे दोन क्वार्टर, एमआयडीसीत कामाला, साडेपाचला सुटतात. "एकदा मीटिंगला जाऊन पाहतो" हे स्वतःहून म्हणाले आहेत. नेटवर शोधलं तर निम्म्या जागी व्यसनमुक्ती सेंटरच्याच जाहिराती येऊन राहिल्या. तर विचारायचं असं की खरी मीटिंग ओळखायची कशी, पैसे किती लागतात, आधी दारू बंद करून न्यावं का, आणि घरच्यांनी सोबत जावं का. बाकी जे सुचेल ते सांगा.

गोरेवाडा_पहाट
आधी शब्द नीट करून घेऊ, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. एए म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात एक शेअर बाजारातला माणूस आणि एक सर्जन, दोघंही पिणारे, एकमेकांना सावरून धरायला बसले, तिथून हे निघालं. आजही तेवढंच आहे. पिणाऱ्याचं पिणारा ऐकतो. एए कुठलंच सेंटर चालवत नाही, भरती करत नाही, गोळ्या देत नाही, कोणाला आपलं नावही वापरू देत नाही. पाटीवर "एए रिहॅब सेंटर" लिहिलेलं दिसलं तर समजा की एएची माणसं फार तर तिथं आठवड्यातून एकदा येऊन मीटिंग घेत असतील. सेंटर त्यांचं नव्हे.

ओळखायला तीन प्रश्न पुरतात. पैसे मागितले का? नाव-गाव-आधारचा फॉर्म भरायला लावला का? "पत्ता द्या, आमची गाडी येऊन घेऊन जाईल" म्हणाले का? तिन्हींची उत्तरं "नाही" असली तरच ती मीटिंग. फी नसतेच. शेवटी एक पिशवी किंवा डबा फिरतो, त्यात ज्याला वाटेल तो दहा-वीस रुपये टाकतो. त्यातून खोलीचं भाडं, चहा आणि पुस्तकं निघतात. पहिल्यांदा आलेल्यानं काही टाकू नये असंच बहुतेक ठिकाणी सांगतात. बाहेरच्या माणसाचं दान ते घेत नाहीत, त्यामुळं घरच्यांनी पाचशेची नोट पुढं केली तर परत मिळेल.

डॉक्टरकी_नाही_सल्ला_आहे
थांबा, तिसरा प्रश्न आधी घ्या. दारू बंद करून नेऊ नका.

हिशेब पाहा. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ४२.८ टक्क्यांची दारू म्हणजे साधारण ७७ मिली शुद्ध अल्कोहोल, वजनात ६० ग्रॅमच्या आसपास. दोन क्वार्टर म्हणजे रोजचे १२० ग्रॅम. वर्षानुवर्षं एवढ्याची सवय असलेल्या मेंदूची दारू एका दिवसात तोडली की ६ ते २४ तासांत हात थरथरणं, घाम, मळमळ, झोप उडणं सुरू होतं. फिट यायचा धोका पहिल्या दोन दिवसांत. भास, बडबड, माणसं न ओळखणं, अंगात ताप, याला डीटी म्हणतात, ते दोन ते चार दिवसांनी येतं आणि जिवावर बेतू शकतं. "तीन दिवस घरात कोंडून ठेवू, मग मीटिंगला नेऊ" हा बेत नेमका त्याच काळात माणसाला डॉक्टरविना ठेवतो.

म्हणून क्रम असा. आधी मानसोपचार ओपीडी. मेडिकल (अजनीकडचं सरकारी मेडिकल कॉलेज), मेयो, मिहानमधलं एम्स, नाहीतर प्रादेशिक मनोरुग्णालय. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. सोबत आधार, जुन्या चिठ्ठ्या, चालू असलेल्या बीपी-शुगरच्या गोळ्या आणि एक कागद न्या. त्या कागदावर रोज किती, किती वर्षांपासून, शेवटचा घोट कधी, याआधी सोडताना फिट आली होती का, एवढंच लिहा. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि घरचे नेमका तोच सांगायला विसरतात. पूर्वी फिट आलेली असेल तर डॉक्टर बहुधा भरतीच करून घेतील. डॉक्टर भेटेपर्यंत कमी करायची घाई नको आणि एकदम बंदही नको.

आणखी एक. "लय अशक्तपणा आहे, एक सलाईन लावून द्या" म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात नेऊ नका. पिणाऱ्याच्या अंगात बी-१ जीवनसत्त्व संपत आलेलं असतं. ते न देता आधी ग्लुकोजची बाटली चढवली तर उरलंसुरलंही खर्ची पडतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. बी-१चं इंजेक्शन आधी, ग्लुकोज नंतर. दवाखान्यात "हे रोज पितात" हे स्पष्ट सांगा. लाजेपायी "जेवण जात नाही" एवढंच सांगतात, मग डॉक्टरला कळणार कसं?

फिट, भास किंवा खूप ताप असला तर १०८.

मानेवाडा_रिंगरोड
वरचं सगळं बरोबर, पण यानं कोणी घाबरून मीटिंगच पुढं ढकलू नये. मीटिंगला येण्यासाठी दारू सुटलेली असावी लागत नाही. अट एकच, सोडायची इच्छा. पिऊन आला तरी बसू देतात, फक्त त्या दिवशी बोलू नये, ऐकावं, असं म्हणतात. सकाळी ओपीडी, संध्याकाळी मीटिंग, दोन्ही एकाच दिवशी जमते. फक्त घेतलेली असली तर गाडीची चावी त्याच्याकडं द्यायची नाही.

सीताबर्डी_कट्टा
आता पत्त्याचं. एए इंडियाच्या संकेतस्थळावर शहराप्रमाणे मीटिंगची यादी असते आणि हेल्पलाइन नंबर असतो. यादी बघा, पण यादीवर विसंबून घराबाहेर पडू नका. बऱ्याच मीटिंग शाळेच्या वर्गात, चर्चच्या खोलीत, समाजभवनात भाड्यानं भरतात. जागा त्यांच्या मालकीची नसते, म्हणून ती हलते. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षा, मेमध्ये शाळेला कुलूप, निवडणूक आली की वर्ग मतदान केंद्राच्या ताब्यात. गुगल मॅपवरची खूण कोणीतरी कधीतरी टाकलेली असते, ती तिथंच राहते. पहिल्यांदा हिंमत करून गेलेला माणूस बंद गेटसमोर उभा राहिला की तो परत येत नाही. हे टाळायला एक फोन पुरतो.

ग्रुपच्या नावावरून जागा ठरवू नका, हेही लिहून ठेवा. ग्रुपचं नाव आशा, नवजीवन असं काहीही असू शकते, त्याचा मोहल्ल्याशी संबंध नाही.

फोनवर असं बोलायचं: "नमस्कार, नागपुरातल्या मीटिंगची माहिती पाहिजे होती. मराठी किंवा हिंदी, संध्याकाळची, हिंगणा रोडच्या बाजूनं यायला सोयीची. पहिल्यांदाच येणार." मग विचारून घ्या:

– मागच्या आठवड्यात याच जागी झाली होती का? ("सुरू आहे का" विचारलं तर उत्तर "हो" येतेच.)
– कोणत्या गेटनं, कोणत्या मजल्यावर, बाहेर काही कागद लावलेला असतो का?
– ओपन की क्लोज्ड?
– बोलणं मराठीत चालते की हिंदीत?
– दहा मिनिटं आधी आलो तर गेटवर कोणी भेटेल का?

शेवटचा सगळ्यात कामाचा. कोणीतरी खाली येऊन उभं राहते, बहुधा आनंदानं. चौकीदाराला "एएची मीटिंग कुठं" विचारण्यात अर्थ नाही, त्याला ते नाव माहीत नसते. "संध्याकाळी खुर्च्या लावून बसतात ते कुठं" म्हटलं की बोट दाखवते.

वैनगंगाकाठ
ओपन-क्लोज्ड म्हणजे काय, ते सांगा ना कोणी.

सीताबर्डी_कट्टा
क्लोज्ड म्हणजे ज्याला स्वतःला दारूचा त्रास आहे आणि सोडायची आहे, फक्त तोच. ओपनमध्ये बायको, भाऊ, मित्र, सोशल वर्कचे विद्यार्थी, कोणीही बसू शकते. घरच्यांना सोबत जायचं असेल तर ओपनच विचारा. नाहीतर होते असं की बायको दारापर्यंत येते, तिला बाहेर बसवतात, आणि घरी जाऊन "आतमध्ये काय लपवतात" यावरून भांडण.

गोरेवाडा_पहाट
आणि तो फोन शक्यतो ज्याला जायचं आहे त्यानंच करावा. यादी घरच्यांनी काढावी, पाच प्रश्न कागदावर लिहून द्यावे, फोन त्याच्या हातात द्यावा. पलीकडचा माणूस स्वतः कधीकाळी पिणाराच असतो, त्याला घरच्यांशी बोलण्यापेक्षा जाणाऱ्याशी बोलायचं असते. दोन मिनिटांत आवाजावरून दोघांचं जमते. घरच्यांनी केलेला फोन हा घरच्यांचा निर्णय होऊन बसतो.

ऑरेंज_लाइन
पत्ता दुय्यम आहे. वेळ पाहा.

लोक घरापासून जवळची मीटिंग शोधतात. मीटिंग ती निवडावी जी त्याच्या "बसायच्या" वेळेवर भरते. साडेपाचला सुटतो म्हणजे सहा ते आठ हा धोक्याचा पट्टा. त्या वेळात तो खुर्चीवर बसलेला पाहिजे, मग ती खुर्ची सात किलोमीटर दूर का असेना. रविवारी सकाळी दहाची, घराजवळची मीटिंग ऐकायला छान वाटते, पण रविवारी सकाळी दहाला त्याला प्यायचीच नव्हती.

रस्ताही पाहा. एमआयडीसीहून घराकडं येताना कोणती भट्टी, कोणता बार लागतो, कोणत्या पानठेल्यावर मित्र उभे राहतात, ते त्यालाच विचारा, तो बरोबर सांगेल. हिंगणा रोडवर असाल तर दुचाकी घरी ठेवून लोकमान्य नगरहून मेट्रोची अ‍ॅक्वा लाइन पकडावी. सीताबर्डीला उतरून ऑरेंज लाइन बदलता येते, म्हणजे उत्तरेला कडबी चौक-इंदोरा आणि दक्षिणेला काँग्रेस नगर-अजनी सगळं हाताशी. मेट्रोतून जाताना वाटेत थांबायची सोयच नाही, हा तिचा मोठा गुण. परतीची शेवटची गाडी किती वाजता ते आधी पाहून ठेवा. मीटिंग संपल्यावरही लोक दहा-पंधरा मिनिटं उभ्यानं बोलत राहतात आणि ती मिनिटं सोडू नयेत.

डिसेंबरात अधिवेशनाच्या दिवसांत मॉरिस कॉलेज टी-पॉइंटकडं मोर्चे अडवलेले असतात. त्या भागातून जायचं असलं तर अर्धा तास जास्त धरा. मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी महाल-इतवारीत शिरायचंच नाही. त्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, आणि धुळवडीला मात्र मीटिंग चुकवू नये. बसायला बोलावणारे त्याच दिवशी सगळ्यात जास्त.

मानेवाडा_रिंगरोड
वेळेचं पटलं, पण अंतर एकदम सोडून देऊ नका भाऊ. पहिल्या आठवड्यात सात किलोमीटर जाते माणूस, मे महिन्यात ४५ डिग्रीत नाही जात. धोक्याच्या वेळेची एक आणि चालत जाता येईल अशी एक, दोन्ही पकडून ठेवा.

ऑरेंज_लाइन
मान्य.

वैनगंगाकाठ
आत नेमकं काय होते? जाणाऱ्यांना "तिथं उभं करून विचारतात" असं कोणीतरी सांगून ठेवलं असते.

गोरेवाडा_पहाट
उभं करून कोणी विचारत नाही. एक साधी खोली. खुर्च्या गोल किंवा वर्गासारख्या, टेबलावर पुस्तकं आणि पत्रकं, भिंतीवर दारू सोडायच्या बारा पायऱ्या आणि ग्रुप चालवायच्या बारा परंपरा लिहिलेले दोन लांब कापडी फलक, मीटिंग झाली की ते गुंडाळून पिशवीत जातात. एका माणसाकडं त्या दिवशीचं चेअरिंग, म्हणजे मीटिंग चालवायचं काम. तो प्रस्तावना वाचतो, थोडा वेळ शांतता, प्रार्थना, पुस्तकातला एखादा उतारा. मग शेअरिंग. ज्याला बोलायचं तो "मी अमुक, अल्कोहोलिक" म्हणून सुरू करतो, चार-पाच मिनिटं. मध्ये कोणी टोकत नाही, सल्ला देत नाही, उत्तर देत नाही. हे नवीन माणसाला विचित्र वाटते, कारण आपल्याकडं कोणी दुखणं सांगितलं की पाच जण उपाय सांगतात. आपली पाळी आली आणि बोलायचं नसलं तर "आज फक्त ऐकतो" म्हटलं की पुढं सरकतात. आडनाव सांगायची गरज नाही. हजेरी नाही. तास-दीड तासात संपते.

संपल्यावर कोणीतरी आपला फोन नंबर देईल. तो घ्यावा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, ठीक असताना, एकदा लावून पाहावा. नंबर घेऊन ठेवतात आणि तलफ आल्यावर लावू म्हणतात, पण तलफ आल्यावर अनोळखी नंबर कोणी लावत नाही. आधी दोन-तीनदा बोलणं झालेलं असेल तरच बोट तिकडं जाते.

"देव-बिव असते का" असा प्रश्न येईलच. पायऱ्यांमध्ये "देव" हा शब्द आहे, पण "आम्हाला उमजला तसा" असं त्याला जोडलेलं आहे. न मानणारे ग्रुपलाच आपल्यापेक्षा मोठी शक्ती समजून चालवून घेतात. पहिल्या दिवशी हा वाद घालू नये, तेवढ्यानं माणसं निघून जातात.

एक मीटिंग आवडली नाही म्हणून एए आवडलं नाही असं ठरवू नका. प्रत्येक ग्रुपचा सूर वेगळा. तीन वेगळ्या ग्रुपमध्ये दोन-दोनदा बसा, मग बोला.

धरमपेठ_संध्याकाळ
बाईला जायचं असेल तर?
खोलीत पंधरा पुरुष आणि आपण एकट्या, हे नागपुरात होऊ शकते. फोन करतानाच "एखाद्या महिला सदस्याशी बोलता येईल का" विचारा. नाही जमलं तर ऑनलाइन महिलांच्या मीटिंग आहेत.

ऑरेंज_लाइन
ऑनलाइनची एक खबरदारी. झूममध्ये फोनचं आपोआप घेतलेलं नाव दिसते, बऱ्याच जणांचं ते पूर्ण नाव नाहीतर दुकानाचं नाव असते. आत जायच्या आधी बदला, पहिलं नाव पुरे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये घातलं तर नंबर आणि डीपी सगळ्यांना दिसतात. मुलांचा फोटो डीपीला असेल तर काढा. इअरफोन लावा, दुसऱ्याचं शेअरिंग आपल्या बैठकीत ऐकू जाऊ नये.

आणि ऑनलाइन हा आधार आहे, बदली नाही. सहा ते आठ घरीच बसून फोनवर मीटिंग, आणि कपाटात क्वार्टर, असंही होते.

हिंगणा_टी_पॉइंट
खूप मदत झाली. सेंटरवाल्यांनी एक वेगळंच सांगितलं. "तुम्ही फक्त हो म्हणा, चार पोरं येऊन रात्री उचलून नेतील." हे चालते का?

डॉक्टरकी_नाही_सल्ला_आहे
नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारूच्या व्यसनातून आलेली अवस्थाही मोडते. इच्छेविरुद्ध भरतीला आधी एका मानसोपचारतज्ज्ञानं आणि दुसऱ्या एका तज्ज्ञानं किंवा डॉक्टरनं, दोघांनी वेगवेगळं तपासावं लागते. ती भरतीही आधी ३० दिवसांपर्यंतचीच. रात्री उचलून नेणारी पोरं डॉक्टर नसतात, आणि वर सांगितलेली फिट-डीटीची वेळ तिथं कोणी ओळखत नाही. सेंटर लागलंच तर नोंदणीचा कागद मागा, मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतो विचारा, घरच्यांना भेटू देतात का विचारा. तुमच्याकडं तर माणूस स्वतः "जाऊन पाहतो" म्हणतो आहे. त्याला उचलून नेलं तर ते वाक्य पुन्हा ऐकायला मिळणार नाही.

दुसरं, भिंतीवर "न सांगता दारू सोडवा" लिहिलेलं असते. भाजीत, चहात गोळी टाकायची. त्यात बऱ्याचदा डायसल्फिराम असते. ती घेऊन वर दारू प्यायली की चेहरा लाल, छातीत धडधड, बीपी एकदम खाली, हृदय कमजोर असलं तर मृत्यूही. गोळी बंद केल्यावर दोन आठवड्यांपर्यंत हा परिणाम राहू शकतो. ती गोळी माणसाला माहीत असताना, त्याच्या होकारानं, तपासण्या करून डॉक्टरनंच द्यायची असते. द्यायचीच तर डॉक्टरला विचारून, भाजीत टाकून नाही.

धरमपेठ_संध्याकाळ
घरच्यांसाठी वेगळी मीटिंग असते, अल-अनॉन. १९५१ पासून आहे, एएपेक्षा वेगळी संघटना. तिथं दारूड्याला कसं सुधरवायचं ते शिकवत नाहीत. "हे माझ्यामुळं झालं नाही, माझ्या ताब्यात नाही, माझ्यानं बरं होणार नाही" एवढंच पुन्हा पुन्हा बसून पचवतात. ऐकायला सोपं वाटते. मग बाटली लपवणं, सासऱ्याला खोटं सांगणं, "ताप आहे" म्हणून सुपरवायझरला फोन करणं, हे एकेक हातातून सुटायला लागते. एएच्याच हेल्पलाइनवर विचारलं तर ते पुढचा नंबर देतात. नागपुरात त्या दिवशी प्रत्यक्ष नसली तर ऑनलाइन.

वैनगंगाकाठ
आमच्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी, वर्ध्यातही बंदी. "बंदी आहे म्हणजे पेशंट नाही, म्हणून दवाखानाही नाही" असं समजून नागपूर गाठतात लोक. आधी जवळचं पाहा. गडचिरोलीत मुक्तिपथ या दारू-तंबाखूमुक्तीच्या कार्यक्रमाचे तालुका दवाखाने आहेत. मेडिकलला येऊन पाच तास रांगेत उभं राहायची सगळ्यांनाच गरज नाही.

मानेवाडा_रिंगरोड
रात्री काही सुचलं नाही तर दोन सरकारी नंबर, दोन्ही फुकट. १४४१६ टेली-मानस, म्हणजे मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, चोवीस तास, मराठीत बोलता येते. १४४४६ व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन. टेली-मानसवाले नागपुरातली सरकारी ओपीडी कुठं ते सांगतात. एएच्या मीटिंगच्या वेळेसाठी मात्र एएलाच फोन लावा.

हिंगणा_टी_पॉइंट
उद्या सकाळी ओपीडी. संध्याकाळची एक ओपन मीटिंग पक्की झाली, फोन त्यांनीच केला. गेटवर उभे राहणाऱ्यानं सांगितलं, "हिरव्या टाकीजवळचं छोटं गेट, मोठं नाही." एक शेवटचं, सोबत काही न्यायचं असते का?

सीताबर्डी_कट्टा
पाण्याची बाटली, वाचायचा चष्मा, आणि पोटात काहीतरी. उपाशीपोटी तलफ जास्त येते. निघताना दोन पोळ्या खाऊनच निघा, तिथं फक्त चहा मिळेल आणि तो गोड असेल.